पुराच्या बोटीची टाकी कुठल्या कायद्यात बसते?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : बचावकार्यातल्या बोटींच्या सुट्या पेट्रोल टाक्या, त्यांच्या झाकणाचा हवेचा स्क्रू आणि त्यांना लागू होणारे नियम

महोदय,

मी शाहूवाडी तालुक्यातला इंजिन-मिस्त्री. वर्षभर शेतीपंप, पॉवर टिलर आणि फवारणीची यंत्रं दुरुस्त करतो. उन्हाळा संपत आला की वारणा-कडवीच्या काठच्या गावांतून बोटींची ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं माझ्याकडे येतात आणि पूर आला की मी स्वतः बोटीबरोबर जातो. हे पत्र त्या इंजिनाबद्दल नाही. त्याला नळीनं जोडलेल्या, पंचवीसेक लिटरच्या लाल प्लास्टिकच्या टाकीबद्दल आहे. आपल्या टेबलावर येणाऱ्या विषयांत हा फार लहान वाटेल. पण पुरात माणूस बाहेर काढणारी बोट याच टाकीवर चालते, आणि ती टाकी कशी ठेवायची, कुठे भरायची, तिची हवा कधी उघडायची आणि कधी बंद करायची, याचं सगळं मिळून एका जागी लिहिलेलं उत्तर बोट चालवणाऱ्या पोरांच्या हातात नाही.

आपल्यालाच लिहायचं कारण असं की या प्रश्नाची दोन्ही टोकं आपल्या खुर्चीशी येऊन मिळतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं आपण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, म्हणजे बोट पाण्यात उतरते ती आपल्या आराखड्याप्रमाणे. आणि पेट्रोलियम नियमांनुसार साठ्याच्या जागेला ना-हरकत प्रमाणपत्र देणारे जिल्हा प्राधिकारीही आपणच. बोटीत माणसं बसवण्याची काळजी आणि पेट्रोलनं पेट घेऊ नये ही काळजी, या दोन्ही एकाच माणसानं एकत्र बघाव्यात अशी जागा जिल्ह्यात दुसरी नाही.

आमचा तालुका पुराच्या उगमाशी आहे. पाथरपुंज, चांदोली, आंबा, विशाळगड या माथ्यावर पडलेलं पाणी वारणा, कडवी आणि कासारीतून खाली उतरतं. कासारीचं पाणी प्रयाग चिखलीला पंचगंगेत जातं, वारणेचं हरिपूरला कृष्णेत. चांदोली धरण ३४.४० टीएमसीचं, कासारी २.७७ चं, कडवी २.५२ चं. ही भरून वाहू लागली की पहिल्यांदा आमचे सखल पूल आणि बंधारे बुडतात, वाड्यावस्त्या तुटतात, आणि मग तेच पाणी शिरोळात जाऊन उभं राहतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. रस्ता बंद म्हणजे टँकर बंद, आणि टँकर बंद म्हणजे पंप कोरडे. म्हणून बोटीचं पेट्रोल आधीपासून गावात असावं लागतं. पुराच्या दिवशी ते आणायला जाता येत नाही.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ माणसांनी भरलेली बोट उलटली. त्यात गेलेल्यांत बायका आणि लहान मुलं होती. त्या दिवसानंतर कृष्णा-वारणेच्या काठावर बोटीकडे बघण्याची नजर बदलली. नव्या बोटी आल्या, लाइफ जॅकेटं आली, आपदा मित्र स्वयंसेवकांची प्रशिक्षणं झाली. हे सगळं चांगलं झालं आणि मी त्याचा साक्षीदार आहे. फक्त टाकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

टाकीचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. इंजिनाचा छोटा पंप नळीतून पेट्रोल ओढतो. जितकं पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा टाकीत आत आली पाहिजे. त्यासाठी झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते, नळीवरचा रबरी फुगा चपटा होतो आणि सुरुवातीची काही मिनिटं नीट चाललेलं इंजिन गचके खात बंद पडतं. काठावर हे झालं तर त्रास. भर प्रवाहात झालं तर बोट आडवी होते, आणि आडव्या बोटीला झाड, विजेची तार, बुडालेलं छप्पर, काहीही पुरतं. म्हणून पोरं शिकतात की स्क्रू उघडा ठेवायचा. मग तो उघडाच राहतो. बोट ट्रॉलीवर असताना, खोलीत ठेवलेली असताना, उन्हात पडलेली असताना, पावसात भिजत असतानाही.

उघड्या स्क्रूतून दोन गोष्टी होतात. दिवसा टाकी तापते, आतली वाफ फुगते आणि बाहेर पडते. रात्री टाकी निवते आणि बाहेरची हवा आत ओढते. आमच्याकडची जून ते सप्टेंबरची हवा म्हणजे पाणीच. ते पाणी टाकीत जमतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि धरण्याची मर्यादा संपली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. टाकीतलं पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तळाशी असते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो त्या तळातल्या पाण्याचा. मी ऊस लावणाऱ्या घरातला आहे, इथेनॉलमुळे उसाला आधार मिळाला हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या टाकीत पेट्रोल दोन-तीन महिने पडून राहणार आहे, तिची हवा उघडी ठेवून चालणार नाही, ही गोष्ट इथेनॉल आल्यापासून जास्त खरी झाली आहे.

बाहेर पडणारी वाफ तर त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. ती वर जात नाही, बोटीच्या तळाशी, खोलीच्या जमिनीवर पसरून बसते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या हवेत ते कायमच धोक्याच्या स्थितीत असतं. त्यात बेंझीन असतं, आणि बेंझीननं रक्ताचा कर्करोग होतो. हीच वाफ उन्हात धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंबरोबर मिसळून जमिनीलगतचा ओझोन तयार करते, जो श्वासाला आणि पिकाला दोन्हीला वाईट. वाफ अडवा असं म्हणणारा पर्यावरणाचा नियम मला जाच वाटत नाही. त्या वाफेत सगळ्यात जास्त वेळ नाक घालून काम करणारा माणूस मीच आहे.

जगात या टाकीसाठी नियम झालेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०११ पासून बनणाऱ्या सुट्या बोट-टाक्यांना अट घातली : इंजिनापासून सोडवलेली टाकी आपोआप बंद झाली पाहिजे, हाताने फिरवून उघडा ठेवायचा स्क्रू नको, आणि आतला दाब चौरस इंचाला ५ पौंडांपर्यंत चढला तरी वाफ बाहेर येता कामा नये. आत पोकळी झाली तर हवा आत घेणारी झडप चालेल. हेतू चांगला होता. पण नियम लिहिणाऱ्यांनी वाफेचा हिशोब केला आणि इंजिनाचा अर्धाच केला. पाच पौंड ऐकायला काहीच वाटत नाही. टाकीची एक बाजू ५० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद धरली तर त्या एका बाजूवर आतून सव्वापाचशे किलोचा रेटा बसतो. टाकी टम्म फुगते. नळी इंजिनाला जोडलेली असेल तर हा दाब पेट्रोल पुढे ढकलतो, कार्बोरेटरची सुई ते अडवू शकत नाही, इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोलनं तुंबतं, आणि पेट्रोल इंजिनाच्या झाकणाखाली, तिथून पाण्यात गळतं. कुणी घाईत टाकीचं झाकण उघडलं तर तोंडावर फवारा येतो. वाफ वाचवण्यासाठी केलेल्या नियमानं द्रव पेट्रोल सांडू लागलं आणि तिथल्या बोटवाल्यांनी त्याबद्दल बराच आवाज उठवला. मग नळीत एक छोटी झडप बसवण्याची पद्धत आली : इंजिनानं ओढलं तरच पेट्रोल सोडायचं, नुसत्या दाबाला नाही. ती झडप आणि बंद टाकी ही जोडी एकत्र असली तर नियम चालतो. नुसती बंद टाकी आली तर चालत नाही.

हे लांबचं का सांगतो? कारण शहरातल्या कुणी भल्या माणसानं गावाला दिलेल्या एका बोटीबरोबर तशीच टाकी आली आणि ती माझ्या दुकानात आली होती. स्क्रू नाही, नळीत झडपही नाही. पोरांनी ती उन्हात फुगलेली बघितली आणि झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते समजण्यासारखं आहे. फुगलेली टाकी बघून कुणालाही भीती वाटते. पण भोक पाडलेली टाकी म्हणजे कायम उघडा स्क्रू. मी झाकण बदललं, झडप मागवून बसवली. अशी टाकी कशी वापरायची हे सांगणारा मराठीतला एक कागद बोटीबरोबर असता तर भोक पडलं नसतं.

आता आपल्या कायद्याकडे येतो. १९३४ चा पेट्रोलियम कायदा मी नीट वाचला आहे. पेट्रोल हे त्यातलं वर्ग ‘अ’. कलम ८ सांगतं की विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, पण घट्ट बूच लावलेल्या भांड्यात. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरचं, आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं. प्लास्टिकचं नाव तिथे नाही. कलम ९ मोटार वाहनांसाठी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत पाण्यावर चालणारं जहाज-बोटही त्यात येते. वाहनातच बसवलेल्या किंवा इंजिनाला जोडलेल्या टाकीतल्या पेट्रोलला परवाना लागत नाही, आणि त्याशिवाय त्याच वाहनासाठी आणखी १०० लिटरपर्यंत ठेवता येतं. अट अशी की वाहनाची नोंदणी-परवाना कायद्याप्रमाणे असावा, भांडी कलम ८ मधलीच असावीत, आणि साठा ३० लिटरच्या वर गेला तर तो माणसं राहतात, काम करतात किंवा जमतात अशा खोलीपासून वेगळ्या जागी असावा.

या दोन कलमांच्या मधे आमची लाल टाकी अडकली आहे. नळी इंजिनाला जोडलेली असताना ती ‘इंजिनाला जोडलेली टाकी’ आहे, म्हणून चालते. नळीचा कनेक्टर दाबून काढला की तीच टाकी, तेच पेट्रोल घेऊन, प्लास्टिकचं भांडं होते आणि कलम ८ मध्ये बसत नाही. सुरक्षेचा नियम तर हाच आहे की काम संपलं की नळी काढून ठेवावी, नाहीतर दाबानं इंजिन ओव्हर होतं. म्हणजे जो माणूस शहाणपणानं नळी काढतो तो कायद्याच्या अक्षराबाहेर जातो आणि जो निष्काळजीपणानं नळी तशीच ठेवतो तो कायद्यात राहतो. १९३४ साली हे कुणाच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. तेव्हा प्लास्टिकची टाकी नव्हती. त्या वेळच्या माणसांना मी दोष देत नाही. पण आता त्याचा अर्थ कुणीतरी जबाबदार माणसानं लावून द्यायला हवा, आणि तो पुराआधी लावायला हवा.

लिटरांचाही हिशोब बघा. तीस अश्वशक्तीचं ओबीएम पूर्ण वेगात तासाला अकरा-बारा लिटर पेट्रोल खातं. प्रवाहाविरुद्ध जाताना वेग कमी करता येत नाही. म्हणजे एक टाकी दोन तास. तीस लिटरची मर्यादा म्हणजे जेमतेम अडीच तासांचं बचावकार्य. शंभर लिटर धरले तर एक दिवस निघतो. पण शंभर लिटरची सवलत नोंदणी झालेल्या बोटीला. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमानं १९१७ चा जुना कायदा बाजूला केला, त्यात नोंदणीची आणि प्रदूषण रोखण्याची स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्या कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या रबरी बोटीची नोंदणी कोण करणार, कुठे करणार, हे गावाला सांगितलेलं नसेल तर ती शंभर लिटरची सवलत कागदावरच राहते.

पंपावरचा अनुभव वेगळाच. धातूचा कॅन घेऊन जावं तर तो भरल्यावर मोटारसायकलवर आणणं जीवावरचं काम. बोटीची टाकी घेऊन जावं तर पंपावरचा पोरगा प्लास्टिकला नाही म्हणतो. एका पंपावर मला टाकीसकट परत पाठवलं. त्या पोराला मी काही बोललो नाही. त्याला मिळालेली सूचना बरोबर आहे, ती बाटल्यांतून पेट्रोल नेऊन आगी लावणाऱ्यांसाठी आहे. त्याला वेगळं सांगणारा कागद कुणी दिलेला नाही. मग काय होतं ते आपल्याला ठाऊक असेल : गाडीत पेट्रोल भरायचं, घरी आणायचं, नळी घालून तोंडानं ओढायचं आणि टाकीत सोडायचं. त्यात निम्मं हातावर, जमिनीवर. एखादा घोट छातीत गेला तर फुप्फुस जळतं. सुरक्षेसाठी केलेल्या मनाईतून सगळ्यात असुरक्षित पद्धत रुळली आहे.

आणि ठेवायची कुठे? गावात बोटीला वेगळी खोली क्वचितच असते. ग्रामपंचायतीच्या मागची, समाजमंदिराच्या बाजूची, कधी अंगणवाडीला लागून असलेली खोली. आत मीटर, बोर्ड, इन्व्हर्टरची बॅटरी. माणसं जमतात त्या खोलीपासून वेगळं ठेवा असं कायदा म्हणतो ते शंभर टक्के बरोबर आहे. उघडा स्क्रू, जमिनीवर बसलेली वाफ आणि पुराच्या रात्री अंधारात कुणी दाबलेलं बटण, या तिघांची गाठ पडू शकते हे मला झोप लागू देत नाही.

पर्यावरणाबद्दल अजून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण ती टाकीच्या वाफेपेक्षा मोठी आहे. आपल्याकडची बरीच ओबीएम अजून कार्बोरेटरची दोन-स्ट्रोक आहेत. ती हलकी असतात, दोन माणसं उचलतात, दुरुस्ती सोपी असते, म्हणून बचावकार्यात ती आवडतात. पण अशा इंजिनात आत गेलेल्या पेट्रोलपैकी शेकडा वीस-तीस भाग न जळताच बाहेर पडतो आणि ओबीएमचा धूर पाण्याखाली सुटतो. टाकीत मिसळलेलं तेल वेगळं. पन्नासास एक प्रमाण धरलं तर २४ लिटरला ४८० मिलिलिटर. झाकणाच्या स्क्रूवर बोट ठेवून वाफ अडवायची आणि त्याच टाकीतलं पाव पेट्रोल वारणेत सोडायचं, याला पर्यावरण रक्षण म्हणता येणार नाही. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ नदीत घाण सोडायला मनाई करतं. पुरात माणूस वाचवताना त्याकडे बघू नये, हे मी मान्य करतो. पण सराव, तपासणी, पर्यटकांच्या फेऱ्या यासाठी तीच इंजिनं का?

वारणेच्या पाण्याची किंमत या जिल्ह्याला सांगायला नको. इचलकरंजीसाठी दानोळीतून पाणी नेण्यावरून वारणाकाठ किती पेटला होता ते सगळ्यांनी बघितलं. ज्या पाण्यासाठी माणसं रस्त्यावर उतरतात, त्या पाण्याच्या उगमाशी आम्ही राहतो. वर चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत नाव आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा आला तेव्हा त्यात आमच्या तालुक्यातली गावं होती, आणि गावागावांत लोकांना पहिली भीती वाटली ती बंदीची. त्या भीतीचं मूळ मला या टाकीत दिसतं. नियम वरून येतो, त्याचं कारण कुणी समजावत नाही, त्याबरोबर लागणारं साधन मिळत नाही, आणि मग माणूस झाकणाला भोक पाडतो. भोपाळच्या मोठ्या तलावात हरित न्यायाधिकरणानं २०२३ मध्ये मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. पिण्याच्या पाण्याच्या तलावासाठी तो निर्णय योग्य असेल. पण उद्या तशीच सरसकट बंदी आमच्या जलाशयांवर आली आणि बचावाची बोटही त्यात सापडली, तर पुरात काय करायचं? म्हणून बंदीची वेळ यायच्या आधी स्वच्छ वापराचा नियम आपणच करावा असं मला वाटतं.

गाड्यांच्या बाबतीत देशानं हे करून दाखवलं आहे. बीएस-सहाच्या मोटारसायकलीच्या टाकीची वाफ कोळशाच्या डबीत शोषली जाते आणि इंजिन चालू झालं की तीच वाफ जळते. मोठ्या शहरांतल्या मोठ्या पंपांवर वाफ परत ओढणारी यंत्रणा बसते. गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. साधनातच नियम बसवला आहे. बोटीच्या टाकीचंही तसंच व्हायला हवं. केरळात २०१८ च्या पुरात मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर चढवून आणल्या आणि हजारो माणसं काढली. त्यांच्या पिढ्या समुद्रावर गेल्या, टाकी कशी सांभाळायची ते त्यांच्या अंगात आहे. आमची पोरं डोंगरातली. त्यांच्यासाठी ते लिहून आणि शिकवून द्यावं लागेल.

म्हणून आपल्याकडे मागणं असं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३० आणि ३४ खाली आपल्याला जे अधिकार आहेत त्यातून, पावसाआधी, बचाव-बोटींच्या टाक्यांबद्दल एक लेखी आदेश काढावा. त्यात स्पष्ट म्हणावं की यादीवरच्या बोटीची टाकी नळी काढलेली असतानाही त्या बोटीचाच भाग समजली जाईल. ते आपल्या अधिकारात बसत नसेल तर सूट देण्याचा अधिकार केंद्राचा आहे. पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे, तिथे आपल्या शिफारशीसह हा प्रश्न पाठवावा. गावातल्या साध्या मिस्त्रीनं पाठवलेल्या पत्रापेक्षा आपल्या सहीला तिथे वजन आहे. प्रत्येक बोटीमागे शंभर लिटरचा राखीव साठा मान्य करावा आणि तो ठेवायला इमारतीबाहेर, तळाशी आणि वर जाळीचे झरोके असलेलं, कुलपाचं लोखंडी कपाट द्यावं. त्याचा खर्च एका लाइफ जॅकेटच्या खोक्याहून फार नाही. तहसीलदारांच्या सहीचं ओळखपत्र टाकीला लावलेलं असेल तर पंपानं ती भरून द्यावी, जमिनीवर ठेवून, गाडीत किंवा बोटीत ठेवून नव्हे, आणि काठोकाठ नाही. जमिनीखालच्या टाकीतलं थंड पेट्रोल उन्हात वीस अंशांनी तापलं तर २४ लिटर जवळजवळ अर्ध्या लिटरनं वाढतं. तेवढी जागा वर रिकामी पाहिजे.

यापुढे जिल्ह्यात येणारी प्रत्येक बोट, विकत घेतलेली असो की देणगीची, तिच्या टाकीला पोकळीत आपोआप हवा घेणारं झाकण आणि नळीला ओढल्यावरच सुटणारी झडप, ही दोन्ही एकत्र असल्याशिवाय स्वीकारू नये. नवी इंजिनं चार-स्ट्रोक घ्यावीत. ती जड असतात हे खरं, पण पेट्रोल पाण्यात सोडत नाहीत आणि तेवढ्याच टाकीत जास्त वेळ चालतात, ज्याचा पुरात थेट उपयोग आहे. सरावाला आणि पर्यटनाला बॅटरीच्या मोटारी चालतील. पुराला त्या अजून पुरत नाहीत, त्यामुळे तिथे त्यांचा आग्रह धरू नये. सप्टेंबर संपला की उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवू न देता गावाच्याच गाड्यांत वापरून टाकायला सांगावं, पुढच्या मेपर्यंत टाकी कोरडी. आणि टाकी नदीत धुणं बंद. हे शेवटचं वाक्य आदेशात असलंच पाहिजे, कारण ते मी दर वर्षी बघतो आणि दर वर्षी भांडतो.

प्रशिक्षणात पोहणं, दोर टाकणं, छाती दाबून श्वास देणं सगळं शिकवतात. त्यात अर्धा दिवस टाकीसाठी द्या. स्क्रू कधी उघडायचा, कधी बंद करायचा, फुगलेली टाकी सावलीत नेऊन झाकण हळूहळू कसं सैल करायचं, तळातलं पाणी कसं काढायचं, सांडलं तर फडक्यानं टिपायचं आणि फडकं कुठे टाकायचं. हे शिकवायला मी बिनमानधन येईन. बांबवड्यात, मलकापुरात, सरूडला किंवा आपण म्हणाल तिथे. एक जुनी टाकी, एक नवी, नळी, झडप आणि भोक पाडलेलं ते झाकण माझ्या दुकानात ठेवलेलं आहे, ते घेऊन येतो. आपल्या कार्यालयातल्या ज्या अधिकाऱ्याकडे हा विषय जाईल त्यांना आधी ते दाखवायचं असेल तर तेही दाखवतो.

या पत्राचं उत्तर लेखी मिळावं आणि त्याची एक प्रत नदीकाठच्या ग्रामपंचायतींना जावी, एवढी विनंती आहे. आदेशाला वेळ लागणार असेल तर निदान पंपांसाठीची सूचना आणि कपाटाची जागा हे दोन विषय मान्सूनपूर्व बैठकीत घ्यावेत.

आपला,
एक इंजिन-मिस्त्री
ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर